डोक्यांची मापं

अमेरिकेतल्या पोर्ट मर्सरच्या हेरन्स बेसबॉल क्लबात १९९९ साली कोण काय टोचून घेत होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकांना नव्हतं, कारण ते वरच्या काचेच्या खोलीत बसायचे आणि तिथून खेळाडू लहानच दिसायचे. मॅनेजरला नव्हतं, कारण त्याचं सगळं लक्ष खेळाकडे. डॉक्टरला तर मुळीच नव्हतं, डॉक्टर फक्त मुरगळलेले घोटे बघायचा. पत्रकार रोज कपडे बदलायच्या खोलीत जाऊन उघड्याबंब माणसांशी तासतासभर बोलायचे, पण त्यांचं लक्ष म्हणे डोळ्यांकडे असायचं. त्या एका मोसमात संघाने दोनशे सत्तर वेळा चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, चाळीस हजार माणसं रोज घसा बसेपर्यंत ओरडली, आणि तरी कुणाला कसली शंका आली नाही.

ठाऊक होतं ते बर्निस वोज्निकला. तिला कुणी विचारलं नाही.

बर्निसबाई क्लबाची शिवणकामवाली. वडील पोलाद कारखान्यात भट्टीवर, आई चर्चच्या स्वयंपाकघरात. तेविसाव्या वर्षी फाटलेल्या विजारी शिवायला म्हणून ती स्टेडियमच्या तळघरात शिरली आणि अडतीस वर्षं तिथेच राहिली. नवरा गेला तेव्हा चार दिवसांची रजा घेतली, तीही पाहुणा संघ आला म्हणून तीनच दिवसांत संपवली. पोलिश लोक मावशीला चोचा म्हणतात, म्हणून सगळा क्लब तिला चोचा म्हणायचा, टेक्सासचे गोरेही आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेली पोरंही. ती सहसा कुणाला नावाने ओळखायची नाही. "तो छत्तीस कमर आला का गं?" असं विचारायची.

तिच्याकडे एक जाड तपकिरी वही होती. दर फेब्रुवारीत सरावाला आलेला प्रत्येक खेळाडू तिच्यापुढे उभा राहायचा, ती टेप लावायची आणि लिहायची. मान, छाती, मांडी, आणि शेवटी टोपी. छाती वाढली तर बाईंना नवल नव्हतं. जर्सीच्या शिवणीत ती बोटभर माया ठेवायची, पोरं तरणीताठी, उसवून सैल केलं की झालं. पण सत्त्याण्णवपासून तिची माया एका मोसमात संपायला लागली. आणि मग टोप्या परत यायला लागल्या.

"चोचा, टोपी आटली बघ," रॉय डेल स्टॅम्पर एक दिवस म्हणाला. हा त्यांचा सगळ्यात मोठा फटकेबाज.

"धुतलीच नाही अजून, तर आटेल कशी?"

"मग घामाने असेल."

बाईंनी त्याच्या कपाळाभोवती टेप फिरवला. आला तेव्हा टोपीचा नंबर सव्वासात होता, आता पावणेआठ. मोठ्या माणसाचं पोट वाढतं, कर्ज वाढतं, डोकं वाढत नाही. यशाने माणसाच्या डोक्यात हवा जाते हे बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं, पण ती हवा टेपने मोजता येते हे पहिल्यांदाच बघितलं. तिने पावणेआठ लिहिलं आणि नवी टोपी काढून दिली. दोन वर्षांनी आठ लिहिलं. त्या संघातल्या एकतीस जणांपैकी एकोणीस जणांच्या टोप्या तिने अशा बदलल्या, आणि मूग गिळून बसली. तिला वाटायचं, एक दिवस कुणीतरी विचारायला येईल. तेव्हा वही पुढे करू.

कुणी आलं नाही. दोन हजार चार साली अंग फुगवायच्या औषधांचा बोभाटा झाला तेव्हाही नाही. तेव्हा सगळ्यांना हवा होता एक चोर, आणि तो आयताच सापडला. स्टॅम्परच्या नावाचं एक पार्सल क्लबात आलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या एलिहिओ पेगेरोने ते घेतलं आणि पावतीवर सही केली. एलिहिओ दुसऱ्या बेसवरचा राखीव खेळाडू, नव्व्याण्णवपासून संघात, तरी इंग्रजी जेमतेम, आणि घरच्या वळणाचा असा, की म्हाताऱ्या पोस्टमनला ताटकळत ठेवणं त्याला बरं दिसलं नाही. पार्सलात कुपी निघाल्या. पावतीवर सही एलिहिओची. स्टॅम्पर म्हणाला, मी काही मागवलंच नव्हतं. एलिहिओला बंदी आली, मग कुठल्याच क्लबाने त्याला घेतलं नाही. आईला तोंड दाखवायची लाज म्हणून तो गावीही परतला नाही. पोर्ट मर्सरच्याच सरकारी शाळेत मैदान राखायला लागला. बाईंच्या वहीत त्याच्यापुढे लिहिलेलं होतं : आला तेव्हा सात, गेला तेव्हा सात.

तर आता त्या विक्रमी संघाला पंचवीस वर्षं झाली, आणि क्लबाला त्याचा गौरवही करायचा होता आणि निषेधही. दोन्ही एकाच दुपारी, एकाच तिकिटात. त्यासाठी समिती बसली. अध्यक्ष प्रेस्कॉट हॉल्डेन, मालकांचे जावई. लाइल ब्रॉकवे, ज्याने नव्व्याण्णव साली पेपरात स्टॅम्परच्या दंडांवर आरत्या लिहिल्या आणि दोन हजार चार साली आपला विश्वासघात झाला म्हणून छाती बडवली. दोन्हींसाठी त्याला बक्षीस मिळालं. आणि नीतिशास्त्राचे एक प्राध्यापक, ज्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "यातला आपला संघ कोणता?"

समितीने ठरवलं की मैदानात सगळ्यांच्या नावांचा कापडी फलक लावायचा, आणि ज्यांनी औषधं घेतली त्यांच्या नावापुढे छोटी चांदणी काढायची, छापील पुस्तकात तळटीप दाखवायला काढतात तशी. मग चांदणीवर दोन बैठका झाल्या. पाच टोकांची काढली तर पोरांना वाटेल हे वर्गात पहिले आलेत. सहा टोकांची काढली तर कुणाच्या तरी धर्माला लागेल. शेवटी आठ टोकांवर एकमत झालं आणि सगळ्यांनी हात मिळवले. चांदण्या कुणाला द्यायच्या, हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत सुटला. चौघांना. एक वारला होता, एक जपानला होता, एकाने क्लबावर खटला भरला होता आणि चौथा एलिहिओ. स्टॅम्परला चांदणी नव्हती. त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता, आणि गेटवर त्याचा पुतळा होता.

फलक शिवायचं काम रीतीप्रमाणे बर्निसबाईंकडे आलं. यादी हातात पडली तशी ती वही काखेत मारून समितीपुढे गेली. एकसष्टाव्या वर्षी निवृत्त झालेली बाई, आता पंच्याहत्तरीला टेकलेली, गुडघे दुखत असताना जिना चढून गेली.

"एलिहिओची चांदणी काढून टाका," ती म्हणाली. "त्या पोराने काही घेतलं नाही. आणि हे बघा, कुणी घेतलं ते."

हॉल्डेनसाहेबांनी वही उघडली, दोन पानं वाचली आणि गरम तव्याला हात लागावा तशी मिटली. "बर्निस, ही खासगी वैद्यकीय माहिती झाली."

"टोपीची?"

"डोक्याची. ती आम्हाला बघताही येत नाही."

"आत्ता तर बघितलीत."

"आम्हाला सत्य हवंच आहे, बाई," प्राध्यापक समजुतीने म्हणाले, "पण ते योग्य प्रक्रियेतून यायला हवं."

"जिन्यातून आलंय. चालत नाही का?"

ब्रॉकवेला राहवलं नाही. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी रोज तळघरात यायचो. विचारायचो तुम्हाला."

"तू विचारायचास, स्टॅम्परच्या बाहीचा घेर किती इंच. मी सांगितलं, वीस. दुसऱ्या दिवशी तू छापलंस, देवाने सवडीने घडवलेले दंड." बाईंनी वही परत काखेत घेतली. "मला वाटलं, देवाचं नाव आलंय, तर आपण कशाला मध्ये पडा."

समितीने बाईंच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव केला आणि चार चांदण्यांचा नमुना तिच्या हातात दिला. नीट बघून शिवा, आठ टोकं, असं बजावलं.

आता पोर्ट मर्सरला एक रीत आहे. फलक उलगडण्याआधी शिवणाऱ्याखेरीज कुणी बघायचा नाही. बघितला तर मोसम बुडतो. अठ्ठ्याहत्तर साली थोरल्या मालकांनी कोपरा उचलून डोकावलं आणि संघ एकशेचार सामने हरला. मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालणारी ही माणसं, प्रक्रियेवर जेवढा विश्वास ठेवतात त्याच्या दसपट असल्या गोष्टींवर. समितीने सात आठवड्यांत एकदाही फलक बघायला मागितला नाही. प्राध्यापकांना बघायचा होता, त्यांना हॉल्डेनसाहेबांनी दटावून गप्प केलं.

जूनमधल्या एका कडक दुपारी सोहळा झाला. मैदान गच्च भरलं. स्टॅम्पर टोपी हलवत गाडीतून फिरला. एलिहिओला बोलावणं नव्हतं, पण तो तिकीट काढून आला होता आणि दूर उन्हातल्या बाकावर बसला होता. बाईंनीच त्याला निरोप धाडला होता, ये म्हणून. हॉल्डेनसाहेब प्रामाणिकपणा या विषयावर अकरा मिनिटं बोलले, मग त्यांनी दोरी ओढली.

फलकावर चांदणी एकही नव्हती. एकतीस नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे हातभर उंचीचे दोन आकडे. स्टॅम्पर, सव्वासात, आठ. त्याखाली पुढचा, सात, साडेसात. वर बारीक अक्षरांत एवढंच शिवलेलं : टोपी, येताना आणि जाताना.

दुसऱ्या कुठल्या खेळाचे प्रेक्षक असते तर गोंधळले असते. पण ही जमात आकड्यांवर वाढलेली. आज्याच्या काळातल्या खेळाडूची सरासरी तीन दशांशांपर्यंत तोंडपाठ सांगणारी. त्यांनी सत्तर वर्षं सगळं मोजलं होतं, फक्त हेच मोजलं नव्हतं. एका बाजूने कुणीतरी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अख्खं स्टेडियम पाढे म्हणावेत तसं वाचायला लागलं. स्टॅम्परच्या नावाला आठ म्हणताना तर छप्पर हाललं. स्टॅम्परने टोपी काढून मांडीवर ठेवली, मग लक्षात आलं की आता डोकं दिसतंय, म्हणून परत घातली. यादी खाली खाली येत एलिहिओपाशी आली. सात, सात. लोकांनी ते दोनदा म्हटलं. कुणीतरी त्याला ओळखलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

क्लबाने फलक वीस मिनिटांत उतरवला आणि समितीचं काय चुकलं हे ठरवायला दुसरी समिती नेमली. बर्निसबाई तळघरात आपल्या जुन्या खुर्चीवर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. एलिहिओ जिना उतरून आला. ती हसली.

"झालं बाबा एकदाचं," ती म्हणाली. "आता पेपरात येईल. तुझ्या आईलाही कळेल."

"आई जाऊन सहा वर्षं झाली, चोचा."

बाईंचं हसू तसंच राहिलं, काढायचं कसं ते तिला समजेना.

"वही तेव्हापासूनची आहे?" त्याने विचारलं.

"हो. खोडता येणार नाही असा पुरावा. पण मला कुणी विचारलं नाही रे. तू काही घेतलं नाहीस, हे तुला तर माहीतच होतं."

"मला माझं माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं." तो ओरडत नव्हता, मैदानावर पाणी कधी मारायचं हे सांगावं तसं बोलत होता. "पेपरवाल्यांना नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. साहेबांना नसतं सांगितलंस तरी. मला एकदा म्हणायचं होतंस, पोरा, मला ठाऊक आहे. मी आईला फोन केला असता. सांगितलं असतं, इथे एक म्हातारी आहे, ती माझं खरं मानते."

वीस वर्षं बर्निसबाईंकडे एकच उत्तर तयार होतं, कुणी विचारलं नाही, आणि ते आत्ताच तिने देऊन टाकलं होतं. एलिहिओने तिच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच थोपटलं आणि तो जिना चढून गेला.