विसळलेल्या बाटल्या

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि त्या वर्षी, मेलबर्नच्या त्या न संपणाऱ्या लॉकडाऊनमध्ये, चिडायला कारणं शोधत फिरावं लागत नव्हतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एकच तास, तोंडावर मास्क. क्लेटन ह्या उपनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई. आई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानंच बंद झाल्यामुळे अडकली. बाबा तिकडे भंडाऱ्याला एकटे, रोज व्हिडिओ कॉलवर मुगाची खिचडी दाखवायचे आणि ही इकडे डोळे पुसायची.

मी युनिव्हर्सिटीच्या, इथल्या बोलीत युनिच्या, एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं, व्हिसा टेम्पररी, म्हणजे सगळं अधांतरीच. काम मात्र असं होतं की त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. ओढ्याचं, तळ्याचं एक बाटलीभर पाणी आणायचं, बारीक फिल्टरमधून गाळायचं आणि त्या फिल्टरवर जे उरतं त्यातून डीएनए काढायचा. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव काही ना काही टाकत असतो. खवले, बुळबुळ, विष्ठा. तेवढ्यावरून कळतं की इथे कोण राहतं, आणि कोण बाहेरून येऊन घुसलंय. जाळं नको, गळ नको, माशाच्या अंगाला हातही लावायचा नाही. आईला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय? पातेलं कितीही घासलं तरी मला कळतं आदल्या दिवशी त्यात काय शिजलं होतं." मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर इतक्या थोडक्यात मला कधीच सांगता आलं नसतं. गंमत म्हणजे कोविडची टेस्टही जवळपास ह्याच पद्धतीची. सगळं जग नाकात काडी घालून जे करत होतं, ते आम्ही बेडकांसाठी आणि माशांसाठी आधीपासून करत होतो.

लॅब चालवायच्या आमच्या प्रोफेसरबाई. तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारायचे, पण मनात त्या बाईच होत्या. साठीच्या पुढच्या, स्वेटर कोपरावर विरलेला, कानामागे कायम पेन्सिल. शाई पाण्यात पसरते म्हणून सगळं पेन्सिलीने लिहायच्या. एकदा आमच्यातल्या कुणीतरी ट्यूना माशाचं सँडविच खाल्लं आणि ग्लोव्ज न बदलता काम केलं. बाईंना शंका आली आणि त्यांनी सगळ्यांचं आठवडाभराचं काम उचलून केराच्या टोपलीत टाकलं. आवाज नाही, टोमणा नाही. "सोमवारी पुन्हा सुरू करू," एवढंच म्हणाल्या. त्या जागी मी असते तर छत डोक्यावर घेतलं असतं.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, राखीव जागेत एक तळं आहे. फार मोठं नाही, कडेने लव्हाळ्याचं रान. बाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी त्यात बोटाच्या दोन पेरांएवढा एक देशी मासा आणून सोडला होता. ह्या भागातल्या दलदली बुजवून घरं झाली तसा तो जवळपास सगळीकडून नाहीसा झाला, पण इथे टिकला. त्याला मोठी भीती कार्पची. हा बाहेरून आणलेला दांडगा मासा, तळ उकरतो, मुळं उपटतो, सगळं पाणी गढूळ करून टाकतो. म्हणून ह्या तळ्याचं पाणी ठरावीक दिवशी तपासायचंच. युनिने फील्डवर्क बंद केलं होतं, बाई राहायच्या पाच किलोमीटरच्या बाहेर, तेव्हा घराजवळची म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आणि नेमक्या त्या सोमवारी माझा घसा धरला. टेस्ट करून आले, रिझल्ट येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायला बंदी. बाईंना फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट संपायला आलेलं, ह्या वेळी हिला जमत नाही असं कुणाला वाटायला नको, हेच डोक्यात. मी आईला म्हटलं, "तू तशीही फिरायला जातेस ना, तीन बाटल्या भरून आण." चौथी बाटली शुद्ध पाण्याने भरलेली होती. ती तळ्याच्या काठावर फक्त उघडायची आणि पुन्हा बंद करायची, म्हणजे आपल्या हाताळण्यातून काही घाण शिरली असेल तर तिच्यात दिसते. आई सगळं नीट ऐकून गेली, तासाभराने बाटल्या घेऊन आली. फॉर्मवर नमुने कुणी घेतले, ह्या रकान्यात मी माझं नाव लिहून सही केली.

मंगळवारी माझी टेस्ट निगेटिव्ह आली. बुधवारी लॅबमध्ये मीच ते नमुने मशीनला लावले आणि स्क्रीनकडे बघत बसले. एक रेघ वर चढली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही बाटल्यांत कार्प! चौथी बाटली कोरी करकरीत, म्हणजे चूक नाही. पुन्हा चालवून पाहिलं, तेच. मला इतका आनंद झाला की काय सांगू. अख्ख्या तळ्यात एखादाच कार्प असेल आणि मी त्याला बाटलीभर पाण्यात पकडला होता. मी बाईंना फोन केला तो जवळजवळ ओरडतच.

पलीकडे आधी कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी मोठा पाऊस आहे. तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात जाईल, ओढ्यातून पुढे सगळीकडे. त्याआधी तळं उपसावं लागेल."

"आणि आपले छोटे?"

"जाळ्यात येतील तेवढे काढू. फार येणार नाहीत. ते मुळांत लपतात." "मी काउन्सिलला कळवते. पंप शुक्रवारी येईल."

एरवी दुसऱ्यांदा पाणी तपासल्याशिवाय बाई कुणाला अवाक्षरही कळवायच्या नाहीत. पण पाऊस तोंडावर आलेला, तिन्ही बाटल्या एकच सांगत होत्या आणि चौथी कोरी होती. त्यांनी स्वतः वाढवलेलं तळं स्वतःच्या तोंडाने उपसायला सांगितलं. माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

गुरुवारी सकाळी पोहे खाताना मी आईला हे सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला.

"काहीतरीच काय! त्या तळ्यात कार्प नाही."

"आई, मशीन सांगतंय."

"सांगू दे. तळ दिसतो त्या तळ्याचा. कडेची मुळं जागच्या जागी आहेत, पाण्याला गढूळपणा नाही. कार्प असता तर असं राहिलं असतं? आमच्याकडे तलावात हा मासा सोडला तेव्हा सहा महिन्यांत पाण्याचा चहा झाला होता." आई तलावांच्या जिल्ह्यातली, गोड्या पाण्यातल्या माशावर वाढलेली. समुद्राच्या मासळीला ती नाक मुरडते. इथे तिला स्प्रिंगव्हेलच्या बाजारात अख्खा कार्प मिळाला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "आई, रविवारी आपण जो मासा आणला, तो तू कधी साफ केलास?"

"सोमवारी सकाळी. तुझा घसा दुखत होता म्हणून रस्सा केला नव्हता का?"

"आणि बाटल्या?"

"त्या तर मी स्वच्छ विसळून घेतल्या. डब्यात किती दिवस पडून होत्या कोण जाणे. तशाच कशा भरायच्या?"

विसळून! भांडं कितीही स्वच्छ असो, भरण्याआधी विसळायचंच. माझ्या आईने आयुष्यात न विसळता एक पेला भरलेला नाही. मीही नाही. ज्या सिंकमध्ये दहा मिनिटांपूर्वी कार्पचे खवले काढले, त्याच सिंकमध्ये तिने सीलबंद, निर्जंतुक बाटल्यांची झाकणं काढून त्या प्रेमाने विसळल्या. आणि चौथी?

"ती भरलेलीच होती. ती कशाला उघडू? नुसती नेली आणि आणली."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आई एवढंच म्हणाली, "स्वच्छच तर केल्या गं," आणि पोह्यांची ताटली उचलून आत गेली.

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. गप्प बसले तर पंप येईल, आणि कार्प का सापडला नाही हे कुणी मला विचारणारही नाही. गाळात रुतला असेल म्हणतील. बोलले तर फॉर्मवरची खोटी सही आलीच, नोकरी गेली, व्हिसा गेला. पंधरा-वीस मिनिटं मी खरंच हिशेब करत होते. मग ती केराची टोपली आठवली, आणि मी फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता तरी ह्या बाईचा पारा चढेल. त्यांनी विचारलं, "मासा कोणत्या सिंकमध्ये साफ केला? बाटल्या त्यानंतर किती वेळाने विसळल्या? आतून की बाहेरून?" पेन्सिल चाललेली मला ऐकू येत होती. "आणि तुझी आई म्हणते पाणी नितळ आहे? तिला फोन दे."

मग माझी आई आणि त्या व्हिडिओवर समोरासमोर. मधे मी दुभाषी. मुळं कशी दिसली, बुडबुडे येत होते का, काठावर बेडकांची अंडी होती का. आईने प्रत्येक गोष्ट पाहिलेली होती. व्यायामाच्या एका तासात ती त्या तळ्याभोवती रोज हेच करत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. बाई खाली मान घालून लिहीत होत्या, अधूनमधून "गुड, गुड" म्हणत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "बाटल्यांच्या डब्यातला सूचनांचा कागद मी लिहिला. धुतलेली बाटली कुणी पुन्हा धुवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी."

"आणि माझी सही?"

"ती तुझी. त्याबद्दल सोमवारी बोलू. आज तळं." सोमवारी त्या खरंच बोलल्या. कॉन्ट्रॅक्ट राहिलं, पण नमुने घ्यायचं काम तीन महिने माझ्याकडून काढून घेतलं, आणि पहिल्या फॉर्मवर जे खरं घडलं ते मला माझ्या हाताने लिहायला लावलं.

त्यांनी काउन्सिलकडून शुक्रवारी दुपारी दोनपर्यंतची मुदत मागून घेतली. तासाभरात कुरिअरने नवा डबा दाराशी ठेवला, ह्या वेळी पाच बाटल्यांचा. तळ्यावर मी पाणी भरताना बाई फोनवरून माझ्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. शुक्रवारी मी लॅबला निघणार तर म्हणाल्या, "तू येऊ नकोस. शिक्षा म्हणून नाही. ह्या नमुन्यातून काय निघावं, ते तुला फार हवंय. लॅबपुरता परवाना आहे माझ्याकडे, आज ते मी करते." त्यांनाही तेच हवं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी त्यांनी एकही पायरी गाळली नसणार, हे मी पैजेवर सांगते.

दीडच्या सुमारास फोन आला. "कार्प शून्य. पाचही बाटल्यांत शून्य. आपले छोटे पाचही बाटल्यांत." मग म्हणाल्या, "आईला सांग."

मी आईला हाक मारली. आई घरात नव्हती. कालपासून ती माझ्याशी जेमतेम बोलत होती, मी ओरडले म्हणून फुगली असेल असं मी धरून चालले होते. बाहेर पडून किती वेळ झाला तेही मला ठाऊक नव्हतं. मास्क अडकवला आणि धावत सुटले.

तळ्यापाशी एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती, मागे ट्रेलरवर पंप. पंपाचा जाडजूड पाइप गवतावर गुंडाळून ठेवलेला, आणि त्या पाइपवर माझी आई बसली होती. स्वेटर, शाल, मास्क, पायात माझे बूट. यूटमधल्या दोघांतला एक मला म्हणाला, "तुझी मम का? सकाळपासून बसलीय. दोनपर्यंत आम्ही काहीच करणार नाही असं सांगितलं, तरी हलत नाही, मेट."

मी म्हटलं, "आई, नाही निघाला कार्प. पंप परत चाललाय."

"आणि ते छोटे?"

"आहेत. सगळ्या बाटल्यांत आहेत."

ती उठायला गेली, पण पाय बधिर झाले होते. तिने माझा हात धरला आणि हुंदकाच फुटला तिला. "माझ्या हातून अख्खं तळं मेलं असतं गं," ती म्हणाली. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुणाला सांगू? तू तर बोलत नव्हतीस."

न बोलणारी मीच होते. दोन दिवस मी माझ्या सहीचा, माझ्या व्हिसाचा विचार करत होते, आणि माझी आई, जिला इथलं कुणी ओळखत नव्हतं, ती मनातल्या मनात एका तळ्याची खुनी होऊन बसली होती. मी तिच्या शेजारी त्या पाइपवर बसले आणि तिची माफी मागितली. ती माझा हात घट्ट धरून पाण्याकडे बघत राहिली.