रेवतीचे कवच का गळते?

“इंगळे मॅडम, रेवतीचं कवच गळतंय. सपोर्टवाले वैतागलेत.”

निखिल माझ्या टेबलाशी उभा राहून हे म्हणाला तेव्हा सोमवारची सकाळ होती. पुण्यातल्या आमच्या लहानशा गेम स्टुडिओत तो प्रॉडक्ट मॅनेजर आहे. खेळात काय राहील आणि काय जाईल, याबाबत शेवटचा शब्द त्याचा. वयाने तो माझ्याहून बराच लहान. मी पूर्वी माझ्या गावी, मोताळ्याच्या एका शाळेत गणित शिकवीत असे, म्हणून सगळे ऑफिस मला मॅडम म्हणते.

“गळत नाही,” मी म्हणाले. “नियमाप्रमाणे चाललंय.”

“नियम लोकांना कळला नाही, तर लोक त्याला बगच म्हणणार.”

माझे काम बॅलन्सिंगचे. खेळातल्या प्रत्येक पात्राला एक शक्ती असते. ती किती असावी, कधी वाढावी, कधी कमी व्हावी, याचे गणित मी मांडते. शक्ती फार झाली तर खेळाडू कंटाळतो. कमी पडली तर चिडतो. दोन्हींच्या मधली जागा शोधणे म्हणजे बॅलन्सिंग.

आमच्या खेळात प्रत्येक खेळाडूला एक शेत मिळते. त्यावर किड्यांच्या झुंडी येतात आणि आपण निवडलेल्या पात्राने शेत राखायचे असते. रेवती हे त्यातले सर्वांत आवडते पात्र. ती पिकावर कवच चढवते. कवचाला तोंड लावलेला किडा मरतो. सुरुवातीच्या पातळ्यांत जवळजवळ एकही वाचत नाही. पुढे मात्र एखाददुसरा वाचू लागतो, आणि काही काळाने झुंडच्या झुंड कवच खाऊन जाते.

यामागचा नियम असा. झुंडीत थोडे किडे मुळातच असे असतात की त्यांना कवच बाधत नाही. बाकीचे मेले की हेच उरतात, यांचीच आपसात वीण वाढते आणि सगळी झुंड त्यांच्यासारखी होते. पण खेळाडूने शेताच्या कडेची एक ओळ कवचाशिवाय सोडली, तर तिथे साधे किडेही जगतात. दोन्हींची सरमिसळ होते आणि कवचाचा परिणाम टिकून राहतो. थोडे खाऊ द्यायचे, म्हणजे बाकीचे वाचते.

हा नियम मी शोधलेला नाही. अळीला मारणारा गुण अंगातच असलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्यासोबत पूर्वी एक लहान पाकीट वेगळे येत असे. त्यात साधी सरकी असायची. ती शेताच्या चारी कडांना लावावी, असे सोबत छापलेले असे. आमच्या भागात फार थोड्यांनी ती तशी लावली. कुणी तिने नांगे भरले, म्हणजे बी न उगवलेल्या जागा बुजवल्या; कुणी पाकीट फोडलेच नाही. पुढे गुलाबी बोंडअळी परत आली आणि बोंडे आतून पोखरून गेली. कारणे आणखीही होती, पण हे एक होते.

“मग स्क्रीनवर एक ओळ लिहून टाकू,” निखिल म्हणाला. “कडेची ओळ मोकळी ठेवा. विषय संपला.”

“पाकिटासोबतही लिहिलेलंच होतं. वाचून कुणी केलं नाही. निदान एकाला तरी ते स्वतःच्या हाताने सापडू दे.”

त्याने थोडा विचार केला. “शुक्रवारपर्यंत. कुणाला सापडलं तर नियम राहील. नाहीतर अपडेटमध्ये कवच सरळ कायमचं करू.”

आमच्याकडे एक शिस्त आहे. खेळाच्या चाहत्यांचा जो गट चालतो, तो रचना करणाऱ्यांनी वाचावा, पण त्यात लिहू नये. मी वाचू लागले. तिथे रणधुमाळी चालू होती. एक पक्ष म्हणे, हा बग आहे. दुसरा म्हणे, कंपनीने रेवतीला नर्फ केले आहे, म्हणजे मुद्दाम दुबळे केले आहे. तिसऱ्या पक्षाने कवचाचा संबंध पावसाशी जोडला होता आणि पुराव्यादाखल सुरेख आलेख काढले होते. आलेख संपूर्ण चुकीचे होते.

मंगळवारी दुपारी ‘पराटीवाला’ या नावाने एकाने लिहिले:

“कडेचं एक तास मोकळं सोडून पाहा बे. हे त बीटीवानी दिसून राह्यलं.”

तास म्हणजे पिकाची ओळ आणि पराटी म्हणजे कपाशी. हे शब्द आमच्याकडचे. मी खुर्ची पुढे ओढली. त्याला लगेच ‘लोणारचा दगड’ या नावाच्या खेळाडूने गाठले.

“मोकळं काऊन सोडाचं? आपल्या वावरात अळीची पंगत मांडाची का?”

“बियाण्यासंगं बारकं पाकीट ये ना. ते काय लेकरायले खेळाले देत होते?”

“आमच्या बुढ्यानं त नांग्यात लावलं ते.”

“मंग अळी जेवली का नाई?”

“जेवली ना लेका. हात धुवून गेली.”

मोताळ्याला आता माझे कुणी नाही. आई गेली, वडील भावाकडे नाशिकला असतात, वावर, म्हणजे शेत, विकले. एस.टी. मोताळ्यावरून जाते तेव्हा थांबते. पण उतरून जायचे कुठे, हे ठरत नाही. ऑफिसात मी पुण्याचे बोलते, घरीही तेच. ‘मले’ हा शब्द माझ्या तोंडून निघून किती काळ झाला, ते आठवत नाही. त्या दोघांचे भांडण कामासाठी एकदा वाचणे पुरेसे होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

बुधवारी दगडाने प्रयोग करून व्हिडिओ टाकला. कडेची ओळ मोकळी, आत कवच. तरीही कवच फुटले. खाली त्याचा निकाल: “पराटीवाल्या, तुह्या शोधाले कुलूप लाव आता.”

निखिलनेही तो पाहिला. “मॅडम, त्यांनीच खोटं ठरवलं.”

“पुन्हा पाहा,” मी म्हणाले. “कडेवर किडे चढले की तो दर वेळी रेवतीला तिकडे पाठवतो आणि ते किडे मारतो. ओळ मोकळी राहिलीच नाही.”

“असं का करतो?”

“डोळ्यांसमोर पीक खाल्लं जाताना हात बांधून बसणं त्याला जमत नाही. आमच्याकडे ते कुणालाच जमत नाही.”

“मग काय करायचं?”

“एक वाक्य लिहू देता का गटात?”

“नाही. गटातल्यांना खूण दिली, तर बाहेरचे खेळाडू पक्षपात म्हणतील.”

त्याचे बरोबर होते. गुरुवार तसाच गेला. दगडाच्या व्हिडिओखाली हसण्याचे शेरे वाढत गेले, आणि पराटीवाला काही बोलेना. मी कायमच्या कवचाचे आकडे काढायला घेतले, कारण शुक्रवारी ते लागणार होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी पराटीवाल्याचा व्हिडिओ आला. त्याने ओळ मोकळी सोडली आणि शेवटपर्यंत तिला हात लावला नाही. कडेचे पीक पार गेले. आतले सगळे उभे राहिले.

“दगडा, तुवा मंधात हात घातला. मी हातावर बसलो होतो.”

“हाव. पाह्यलं म्या. मले नाई जमत बे असं.”

निखिलने शब्द पाळला. नियम राहिला, पराटीवाल्याचा व्हिडिओ गटात सर्वांत वर लावला गेला आणि सपोर्टच्या तक्रारी ओसरल्या. माझ्या लेखी काम पूर्ण झाले होते. त्या दोघांच्या लेखी नव्हते.

“पण एक सांग,” दगडाने लिहिले, “तू तास सोडलं अन् शेजाऱ्यानं नाई सोडलं, तं? अळीचं पाखरू काय बांध पाहून उडते?”

“रेवतीले शेजारीच नाई.”

“तेच म्हनतो मी. वावराले बांध हाये, अन् बांधापलीकडं काईच नाई. कोन्या गावात असं वावर असते?”

आमच्या बांधाला लागून शब्बीरचाचांचे वावर होते. एका वर्षी त्यांनी ती सरकी चारी कडांना लावली होती. भोवतीच्या कुणी लावली नव्हती. बांधावर उभे राहून ते माझ्या शिक्षक वडिलांना म्हणाले होते, “गुरुजी, म्या एकल्यानं लावून काय होते?” वडिलांनी काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही. बांधावर दोघे किती वेळ उभे होते, ते आठवते.

मी निखिलला विचारले, “पुढच्या आवृत्तीत शेजारचं शेत घालता येईल का?”

“गरज आहे?”

“आहे.”

“कुणाला?”

“खेळाडूंना,” मी म्हणाले.

त्याने ते नंतरच्या कामांच्या यादीत टाकले. ते अजून तिथेच आहे. शक्तीचा हिशेब मांडताना ती शक्ती कुणाच्या शेजारी उभी आहे हे आधी ठरवावे, एवढे मी या प्रकरणातून शिकले. उशिरा शिकले की असे काम यादीतच राहते.

शेजाऱ्याबद्दलच्या दगडाच्या त्या प्रश्नाखाली पराटीवाल्याचे शेवटचे उत्तर असे होते: “ज्यानं बनवलं त्याले गाव सोडून लय वर्सं झाली असन.”

यालाही उत्तर देण्याची मला परवानगी नव्हती. तो गट मी आजही वाचते. आता ते कामात मोडत नाही, म्हणून घरी गेल्यावर वाचते.