किती झाले, ताई?

पाणी न पिता अख्खा दिवस काढता येतो, याचा मला एके काळी अभिमान होता. सकाळी लातूरहून एसटी, रेणापूरला उतरून पुढे काळी-पिवळी, मग शाळा, आणि घरी परतायला संध्याकाळचे सहा. तेवढ्या वेळात दोन घोटांच्या वर पाणी माझ्या पोटात जात नसे. आमच्याकडे अप-डाऊन करणाऱ्या बहुतेक बाया हेच करतात. नोकरी लागली की आधी तहान मारायला शिकायचं, मग बाकीचं.

शाळेत बायकांसाठी संडास नव्हता असं नाही. होता. गावातली पोरं घाण करतात म्हणून त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. म्हणजे भर स्टाफरूममध्ये पाच-सहा पुरुषांसमोर जाऊन "सर, किल्ली" म्हणायचं. सर वाईट नव्हते. पण खणातल्या कागदांतून ते किल्ली शोधत, तोवर सगळ्यांच्या माना वह्यांत जायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अकरा वर्षांत मी ती किल्ली दोनदा मागितली. दोन्ही वेळा पोट बिघडलं होतं.

मग ती नवी शिक्षिका म्हणून आली. मूळची नांदेडची, लग्न होऊन लातुरात आलेली. नवऱ्याचं गंजगोलाईच्या बाजाराजवळ शिलाईचं दुकान. घरी दखनी बोलायची आणि वर्गात मराठी व्याकरण असं शिकवायची की मला माझीच लाज वाटावी. पहिल्या दिवशी तिच्या खांद्याला भलीमोठी निळी बाटली होती. ती बघून मला हसू आलं.

"एवढं पाणी पिऊन जाशील कुठं?" मी म्हणाले आणि मोठ्या बहिणीच्या थाटात तिला सगळं शिकवलं. सकाळी चहा अर्धाच कप. शाळेत आल्यावर नुसती चूळ भरायची. फारच तहान लागली तर तोंडात लवंग धरायची. तिने मान हलवत ऐकून घेतलं. महिन्याभरात बाटली लहान झाली, मग यायचीच बंद झाली.

रमजानमध्ये मी तिला चिडवलं, "तुझा रोजा महिनाभराचा, आमचा वर्षभराचा."

"माझा मगरिबला, दिस मावळला की सुटतो, ताई. तुमचा कवा सुटणार हाय?" ती म्हणाली, आणि आम्ही इतक्या हसलो की काळी-पिवळीच्या ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.

तिसऱ्या वर्षी ती कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभी राहायला लागली. "लघवीला जळजळ होऊन राहिली ताई," असं एक-दोनदा म्हणाली. मी म्हणाले, घरी गेल्यावर जिरं भिजवून पी. घरी गेल्यावर! शाळेत पाणी पी, असं माझ्या तोंडून निघालं नाही. ती दुखण्याच्या गोळ्या घेत राहिली, ताप येत-जात राहिला. चेहरा सुजला तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. तोवर दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या.

तिच्या नवऱ्याने मला नीट समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणतात, नुसतं पाणी कमी पिल्यानं एवढं होत नाही. खडे होते, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन झालं, वर मनाने घेतलेल्या गोळ्या. भला माणूस, माझ्यासाठीच सांगत होता. मला त्याने काडीचंही बरं वाटलं नाही.

डायलिसिस सुरू झालं आणि ती नांदेडला आईकडे राहायला गेली. रविवारी जमेल तशी मी एसटीने जायचे. तिच्या उशाशी स्टीलचा पेला असायचा, त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ. त्या रेघेपर्यंतचे तीन पेले, एवढंच दिवसभराचं पाणी. मध्ये जीव फारच कासावीस झाला तर बर्फाचा खडा.

"बघा ताई," ती म्हणाली, "प्यायचं तवा पिले न्हाई, आता प्यावं वाटून राहिलं तर डॉक्टर पिऊ देत न्हाईत." मला रडू आलं. तिनेच मला दटावलं. "रडू नका. माझ्या वाटचं तुम्ही प्या. रोज दुपारी फोन करून विचारणार हाय मी."

आणि ती खरंच विचारायची. मधल्या सुट्टीत फोन वाजायचा. "किती झाले, ताई?"

"चार," मी सांगायचे. झालेला असायचा एक पेला, तोही अर्धा.

साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, सरपंचाला तोंडावर सुनावणारी मी. मला "सर, किल्ली" एवढे दोन शब्द जमत नव्हते. आजारी जिवाला खूश ठेवायला खोटं बोलले तर काय बिघडतं, अशी मी माझी समजूत घालायचे. ती खूश व्हायचीही. एकदा मात्र म्हणाली, "आवाज कोरडा लागून राहिला, ताई. खरंच चार?"

"हाव गं, खरंच."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

एका गुरुवारी फोन आला नाही. डायलिसिसचा दिवस असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा निरोप आला. मी नांदेडला पोचले तेव्हा तिची माती होऊन गेली होती. बायांनी भरलेल्या त्या खोलीत तिच्या आईने, पाहुणी लांबून आली म्हणून, मला पाणी दिलं. हाताला येईल तो पेला तिने उचलला होता. लाल रेघ माझ्याच बाजूला होती. पाणी रेघेच्या वर, काठोकाठ. मी ते सगळं प्याले.

सोमवारी स्टाफरूममध्ये जाऊन मी म्हणाले, "सर, किल्ली. आणि ती आता माझ्याकडेच राहील." सरांनी खण उघडला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. बस. कुणी वहीतून मानसुद्धा वर केली नाही. इतकं सोपं होतं ते, आणि हेच मला सहन होत नाही.

आता दर तासाला घंटा झाली की मी पाणी पिते. दप्तरात तिच्यासारखीच मोठी निळी बाटली असते, पर्समध्ये किल्ली. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी फोन टेबलावर उताणा ठेवते. आज चार झाले. खरंच चार, बाई.