म्हशीचं औषध मांजरीला

आमच्या मांजरीला पिसवा झाल्या हे मला मांजरीमुळे कळलं नाही, माझ्या घोट्यांमुळे कळलं. लाल पुरळ उठलं आणि अशी खाज सुटली की चार लोकांत बसायची चोरी. आमचे हे म्हणाले, उष्णता असेल. ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, पण शरीराचं काही बिघडलं की यांचं निदान एकच, उष्णता. मला ताप आला तरी उष्णता आणि सर्दी झाली तरी उष्णताच. शेवटी मी उवांची जुनी फणी काढून मांजरीच्या मानेवरून फिरवली, तेव्हा एक पिसू टुणकन उडून यांच्या वर्तमानपत्रावर बसली. मग उष्णतेचा विषय मिटला.

मांजर माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. गच्चीच्या जिन्यात सापडली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती. ड्रॉपरने दूध पाजून वाढवली मी तिला. या घरात मला उलटून न बोलणारी ती एकटीच, आणि तिच्यावर माझा किती जीव आहे हे यांना माहीत असल्यामुळे ते तिला माझी सवत म्हणतात.

तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरलंही होतं. पण मध्ये दादा आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पेठ रोडच्या बाजूला आमचं माहेर, तिथे तो झेंडू आणि भाजीपाला करतो. सकाळी फुलं बाजारात उतरवली की रिकामा टेम्पो घेऊन गंगापूर रोडला माझ्याकडे चहाला येतो. लग्न होऊन शहरात आल्यापासून मला कशातलंच काही कळत नाही, असं त्याचं ठाम मत आहे, आणि चहाबरोबर तो ते मतही नेमाने मांडतो.

"पिसवाच ना? त्याला डॉक्टर कशाला?" तो म्हणाला. "टेम्पोत म्हशीच्या गोचिडाचं औषध हाय. लय जालीम. एकदा अंगाला पुसलं का सगळं साफ."

"अरे, म्हैस केवढी आणि ही केवढी?"

"म्हणून तर कमी घ्यायचं."

आता आमच्या माहेरचं माप सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही औषध बाटलीच्या टोपणाने मोजतात. फवारणीच्या पंपाला एक टोपण, कीड जास्त दिसली तर दोन. बाटलीवर कंपनीने काय लिहिलंय ते कंपनीपाशी. म्हशीसाठी बादलीत एक टोपण, म्हणजे मांजरीसाठी तांब्यात टोपणाचा तळ भिजेल एवढं, असा दादाने हिशेब सांगितला. मी शाळेत गणित शिकवायचे. समोरच्याने त्रैराशिक बरोबर मांडलं की माझी बोलती बंद होते. मी चहाचं आधण ठेवायला गेले. दादा खाली जाऊन औषध कालवून आला आणि त्याने मांजरीला फडक्याने मानेपासून शेपटीपर्यंत छान पुसून काढलं.

चहा संपेपर्यंत काहीच झालं नाही. मग तिचे कान उडायला लागले. मला वाटलं, माशी बसतेय. मग तोंडातून लाळ गळायला लागली. ती उठली आणि ओल्या फरशीवरून चालल्यासारखा एकेक पाय झटकत दोन पावलं गेली. पाठीची कातडी आपोआप थरथरत होती.

"औषध लागू पडतंय," दादा म्हणाला.

तेवढ्यात ती कुशीवर पडली आणि तिचं अंग लटलट कापायला लागलं. ही आता मरते, एवढं एकच डोक्यात. कसाबसा जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. काय लावलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, भांडी घासायचं लिक्विड घ्या, कोमट पाण्याने धुवा, गरम नको. पुसून कोरडी करा, गुंडाळा आणि लगेच आणा. बाटलीही आणा.

एरवी पाण्याचा थेंब अंगावर उडाला तर घर डोक्यावर घेणारी मांजर मला मुकाट्याने धुऊ देत होती. एकदाही ओरबाडलं नाही तिने. मला भीती वाटली ती त्याचीच. इकडे दादाने टेम्पोतून बाटली आणली, यांना चष्मा सापडला आणि बाथरूमच्या दारात उभं राहून त्यांनी बाटली वाचायला घेतली.

"मांजरांवर वापरू नये, असं स्पष्ट लिहिलंय."

"हे आत्ता वाचताय?"

"बाटली माझ्या हातात दिलीच कुणी नव्हती," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

दादाच्या टेम्पोतून निघालो. मांजर माझ्या मांडीवर शालीत, पायाशी झेंडूच्या पाकळ्या, आणि माझा तोंडाचा पट्टा सुरू. दादाच्या शेतीपासून त्याच्या मिशीपर्यंत मी काही सोडलं नाही. शेवटी म्हटलं, "ही गेली तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

"नाय ठेवत," दादा म्हणाला. मग सिग्नलपर्यंत उगाच हॉर्न वाजवत राहिला.

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, उबेला ठेवलं. मांजरीचं औषध लावलं तरी कधीकधी लाळ गळते, लावल्या जागी खाज येते, त्या म्हणाल्या, पण ते बहुतेक वेळा आपोआप निवळतं. हे तसलं नाही. म्हशीला जे सोसतं ते मांजरीच्या शरीराला मोडून बाहेर टाकता येत नाही, थेंबभर असलं तरी. तिथे आमचं त्रैराशिक चालत नाही. बऱ्याच वेळाने थरथर कमी झाली. वाचेल असं वाटतंय, पण आज इथेच राहू दे, असं त्या म्हणाल्या आणि मी त्यांच्यासमोरच रडले. लाजबीज काही वाटली नाही.

मग त्यांनी बाटली उचलली आणि दादाला विचारलं, "हे कालवताना हातात मोजे होते?"

"मोजे कशाला? बोटानंच ढवळलं."

"आणि फवारणीचं?"

"ते ड्रमात हात घालून. कोपरापर्यंत. काठीनं नीट मिसळत नाय."

"मुंग्या येत नाहीत हाताला?"

"येतात की. आधी जळजळ व्हते, मग बधिर पडतात. लय वर्षं झाली. सवय हाय आता."

मी दादाच्या हातांकडे पाहिलं. तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. मला वाटायचं, त्याला थंडी जास्त वाजते.

"दादालाही तपासा," मी म्हटलं.

"अगं, त्या जनावरांच्या डॉक्टर हायेत."

"म्हणूनच म्हणतेय."

बाई हसल्या नाहीत. मला हे तपासता येणार नाही, पण माणसांच्या डॉक्टरांना दाखवा आणि आजच दाखवा, असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर दादाची टाळाटाळ सुरू झाली. रिकामे क्रेट परत द्यायचेत, म्हशीची धार काढायचीय, मांजर घरी आली का मग बघू. माझं डोकं फिरलं. मी टेम्पोच्या किल्लीला हात घातला. लहानपणी त्याच्या मुठीतून चिंच काढायला मी दातांनी चावायचे तरी मूठ सुटायची नाही. आताही त्याने किल्ली धरून ठेवली होती, सगळा जोर लावून, मला दिसत होतं. ती सहज निघाली.