आक्काच्या स्कूटरवरचा करडा डाग

गेल्या महिन्यात एका बुधवारी वलगावला, आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली, माझ्या हातातलं फडकं लालभडक झालं... आणि मी ते झटकन खाली टाकलं.

फडकं माझ्याच जुन्या बनियनचं होतं. स्कूटर मात्र माझी नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची होती.

आक्का अकोल्याला शाळेत शिकवायची. निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं ती याच स्कूटरवर शाळेत गेली, कोणाला हात लावू दिला नाही. यंदा दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी बंद केली. मग तिनं ती टेम्पोत टाकून माझ्याकडं पाठवली. फोनवर एवढंच म्हणाली, "वसंता, तुह्यापाशी ठेवून राहिली. नीट ठेवजो."

लहानपणी मी तिची सायकल न विचारता नेली होती आणि चाक वाकवून आणलं होतं. ती रागावली नाही. पण त्यानंतर तिनं मला कधी काही वापरायला दिलं नाही... पन्नासेक वर्षांनी ही पहिली वस्तू.

गाडी आली तेव्हा फिक्कट गुलाबी होती, हात लावला की खडूसारखी पूड. रविवारी आक्का बघायला येणार होती. अमरावतीच्या पेंटरनं नव्या रंगाचा भाव सांगितला, तो ऐकून मी त्याच्याकडंच पाणी मागून प्यायलो. मग रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून उजळवायच्या मलमाचा, एक डबा घेतला आणि घरी येऊन हातानं घासायला बसलो.

आणि फडकं लाल! मला काही कळेना. मी बघतोय तेव्हापासून गाडी गुलाबीच, तर लाल आला कुठून? आणि आला तो सगळा फडक्यावरच आला, तर गाडीवर राहिलं काय?

मी सातवी शिकलेला माणूस. शंका आली की ती मला बसू देत नाही. फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पुन्हा अमरावती गाठली. पेंटरनं पिशवीत डोकावून पाहिलं. "काकाजी, रक्त तपासाले आणलं का?"

मग त्यानं नीट सांगितलं. "वरचा थर उन्हानं मेला. मेलेला निघून राहिला, खाली जिता आहे. कपडा लाल झाला तं भेऊ नोका. करडा झाला तं हात उचला, ते रंगाखालचं अस्तर आहे. आन् कडा सांभाळा, तिथं रंग पातळ रायते."

मी सगळ्या कडांना चिकटपट्टी लावली. उन्हात पत्रा तापतो म्हणून सावलीबरोबर गाडीही सरकवत राहिलो. बायको म्हणाली, "अवो, जरा दम घ्या. रंगाच्या आधी तुमीच उडून जासान."

पण काय सांगू... गुलाबीच्या खालून लाल वर येताना बघणं ही मोठी मजेची गोष्ट आहे. थोडं घासावं, पुसावं, वाकून बघावं. शुक्रवारी बायकोनं जाता जाता त्या चकचकीत पत्र्यात बघून पदर नीट केला.

शनिवारी डावीकडची डिक्की घासायला घेतली... आणि करडा डाग उघडा पडला. तळहाताएवढा.

कडेला नव्हे हो, बरोबर मधोमध! सपाट जागी. तिथं मी दाब दिलाच नव्हता. उजवी बाजू तेवढीच घासली होती, तिला काही नाही. पेट्रोल सांडावं तर टाकी तिथं नाही, उन्हानं जावं तर तेवढंच ऊन बाजूलाही लागलं असणार. मी चार वेळा बोट फिरवून बघितलं. खड्डा नाही, पोपडा नाही. मग रंग गेला कुठं?

एवढं खरं, की आक्कानं पन्नास वर्षांनी काही दिलं आणि मी तेही बिघडवलं.

वर देवाचं स्टिकर चिकटवावं असं मनात आलं, ते कोणी खरवडून बघत नाही. बायको कडाडली, "आपल्या खोट्यात देवाले कायले घेता?"

रविवारी आक्का काठी टेकत आली. मी गाडीची डावी बाजू भिंतीला लावून ठेवली होती. लाल रंगावर तिनं तळहात ठेवून बघितला. मग म्हणाली, "भिंतीकून काय लपवलं? सायकलचं चाक बी असंच भिंतीकून ठेवलं होतं तू."

मी गाडी फिरवली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

आक्कानं काठी बायकोच्या हातात दिली. हँडल धरलं, उजवा पाय हळूच स्टँडच्या पट्टीवर ठेवला. तिचा गुडघा डिक्कीला टेकला... बरोबर त्या डागावर.

"मी बुटकी. स्टँडले लावाले गुडघ्यानं रेटा द्या लागे. घरी एकदा, शाळेत एकदा, मधात साडी घासे." ती हसली. "हे तू नाही घासलं रे. हे मी घासलं."

मी म्हटलं, मग हा डाग असाच राहू दे, तुझी आठवण.

"येडा आहेस का? गंज चढन ना त्याले. रंग लाव."

मग मी लाल रंगाची छोटी बाटली आणली. आक्का खुर्चीवर बसून सांगत होती आणि मी ब्रशनं तिचा गुडघा रंगवत होतो. शेड जुळली नाही, थोडी गडद झाली. ती म्हणाली, चालते.

आता मी रोज भाजीला तीच गाडी नेतो, आक्काला फोनवर विचारून. स्टँडला लावताना माझाही गुडघा टेकतो, हे मला आत्ता कळलं. तिच्यापेक्षा चार बोटं वर. तिथला रंग अजून जाड आहे.