एका मशीनवरचे दोन संसार

सत्याप्पा कांबळे आता निपाणीत पिठाची गिरणी चालवतो. कॉम्प्युटर शिकलेला माणूस गिरणीत कसा, असं कुणी विचारलं की तो गिरणी चालू करतो आणि त्या आवाजात प्रश्न बुडतो. उत्तर मला ठाऊक आहे. १९८८ साली बेळगावच्या ज्या इस्पितळात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथंच मी लॅबमध्ये होते.

सत्याप्पा म्हणजे तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या तानुबाईचा मुलगा. "माझा ल्योक गारगार खोलीत बसतोय," असं ती गल्लीभर सांगायची.

इस्पितळानं मशीन एकच घेतलं. पण त्यावर बिलांचा डेटाबेस एका कंपनीचा आणि रक्तदात्यांचा भलत्याच कंपनीचा. ज्याच्या त्याच्या मर्जीतला व्यापारी, दुसरं काय! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे सांगायला इंजिनियर कशाला हवा? दोन्ही चालू केले की मेमरी पुरायची नाही, आणि डॉक्टर नि कॅशियर दोघंही सत्याप्पावर खेकसायचे. शेवटी त्यानं मेमरी निम्मी-निम्मी वाटून टाकली.

"आमच्यात भाकरी मोडली की समद्यास्नी सारखा तुकडा, आक्का," तो मला म्हणाला. त्याच्या आईनं वखारीत वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेलं. सारखा वाटा ही त्याची श्रद्धाच होती, आणि मला तिचं फार कौतुक वाटायचं.

मार्च अखेरीला जांबोटीकडचा नागोजी बायकोला घेऊन आला. मालुबाईला बाळंतपणात रक्तस्राव झालेला, रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि आमच्याकडे त्या गटाची एकही बाटली नाही. दात्यांच्या जुन्या वह्या आम्ही मोठ्या रुबाबात रद्दीत घातलेल्या. दात्याचं नाव आता मशीनच सांगणार होतं.

सत्याप्पानं शोध सुरू केला. बाहेर वर्षअखेरीची बिलं धडाधड चढत होती आणि रक्ताच्या वाट्याला आलेल्या निम्म्या मेमरीत दात्यांची यादी मावत नव्हती. पडद्यावर एक चौकोन नुसता लुकलुकत राहिला. नागोजी दारात उकिडवा बसून मशीनला हात जोडत होता.

सत्याप्पानं व्यवस्थापकांना फोन लावला. बिलांना हात लावायचा नाही, असं उत्तर आलं.

"बंद कर ती बिलं," मी ओरडले.

"मधीच बंद केलं तर आजची समदी बिलं बिघडतील. नोकरी जाईल, आक्का. आईला काय सांगू?"

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. तो पडद्याकडे बघत बसला. मीही बसले.

मग वॉर्डातून फोन आला. सत्याप्पानं ऐकला, रिसीव्हर ठेवला आणि रक्ताचा शोध बंद केला. मशीन एकदम मोकळं झालं. रुग्ण दगावला की वॉर्डातूनच नोंद व्हायची आणि बिल आपोआप छापलं जायचं. प्रिंटर खडखडला. सत्याप्पानं कागद फाडून घेतला. वर मालुबाईचं नाव होतं.

नागोजी धडपडत उठला. लिहिता-वाचता न येणारा तो माणूस कागदाकडे बघून हसत होता.

"आलं व्हय नाव, सायेब? कुठं ऱ्हातोय त्यो? सांगा, मी पळत जाऊन घेऊन येतो."