टेबलाखालची तालीम

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळच्या हॉस्पिटलात, एमआरआयच्या दाराबाहेर बसले होते. शेजारी माझी अकरा वर्षांची राणी, हॉस्पिटलचा झगा घालून. ताईंची भाची सांगत होती, "सकाळी चहा पिता पिताच…" राणीनं विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "गावचा," आणि फोन पिशवीत टाकला.

त्याला महिना होत आला. मी सातवीपर्यंत शिकलेली, आमचं गाव नांदेडच्याही पुढं; लिहायची सवय नाही. पण ताईंचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. राणीला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. औषधानं गाठी विरतात का, हे अधूनमधून बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, लेकराचं वय लहान, दर वेळी किरणांचा मारा नको. अख्ख्या अंगाचा एमआरआय करू, त्यात ती किरणं नसतात. पण तासभर नळीत निपचित पडायचं. पहिल्यांदा फोटो हलले, अर्ध्यातच बाहेर काढलं. पुढच्या वेळी भूल द्यावी लागेल म्हणाले. भुलीच्या भीतीनं मी बाकावर रडत होते, तेव्हा लोकांचे फॉर्म भरून द्यायला येणाऱ्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या नलूताई. कचेरीतून रिटायर झालेल्या, दादरला एकट्या राहायच्या. "रडणं नंतर. उद्या लेकीला घेऊन घरी ये."

घरी त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली सतरंजी घातली, चारी बाजूंनी चादरी सोडल्या, राणीला आत झोपवलं आणि वर डब्याच्या झाकणावर लाटणं बडवायला लागल्या. वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, "नलू, घर पाडतेस की काय?" "मशीन चालू आहे! तासाभरानं बंद होईल!" आत राणी खुदकन हसली. "हललीस. परत पहिल्यापासून."

आवाज थांबला की मी चादर उचलून विचारायचे, "बरी आहेस ना गं?" आणि राणी मान वळवायची. तिसऱ्या दिवशी ताईंनी लाटणं खाली ठेवलं. "सुमन, पोरगी शहाणी आहे. तिला तू हलवतेस. आता गप्प बसायची तालीम तू कर." राग आला मला. आईनं विचारायचंसुद्धा नाही? मग आठवलं, पहिल्या स्कॅनला मशीन थांबलं की मी तिचा पाय धरून हेच विचारत होते…

पुढचा स्कॅन भुलीशिवाय झाला. तेव्हा आत ताई बसल्या, मला बाहेर ठेवलं. फोन आला त्या खेपेला त्यांना बरं नव्हतं, म्हणून आत मी. कानात बोळे, समोर राणीची पावलं, आणि पोटात ती बातमी. मशीन थांबायचं, शब्द ओठांपर्यंत यायचे, मी गिळायचे.

बाहेर आल्या आल्या राणी म्हणाली, "नलूआजीला फोन लाव. एकदापण नाही हलले!" मग सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"तू आत जायच्या आधी."

"आणि तू तासभर गप्प बसलीस?"

"हो."

तिनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. "हे आजीला कळायला पाहिजे होतं गं."